गोमाकाकांच्या नावाचा लेख

१० नोव्हेंबर

पतपेढीतली नोकरी सोडल्यापासून आज पहिल्यांदा मोठं काम हाती आलं. आतापर्यंतची माझी कारकीर्द म्हणजे लग्नपत्रिकांचे मजकूर, एका सरपंचांचं पंधरा ऑगस्टचं भाषण आणि एका रिसॉर्टची वेबसाइट. त्या रिसॉर्टवाल्याला पानोपानी ‘निसर्गाच्या कुशीत’ हवं होतं. दिलं बाई. गिऱ्हाइकाला कूस हवी तर कूस.

आजचं काम खोपोलीच्या रत्नदीप सरांचं. ते तिथल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचे वडील कोंडीराम, सगळे त्यांना आबा म्हणतात, वीज मंडळातून निवृत्त झालेले. जानेवारीत पंचाहत्तर पूर्ण करतायत. त्या दिवशी हॉल, जेवण आणि गौरव अंक. अंकात नातेवाइकांचे, मित्रांचे, जुन्या सहकाऱ्यांचे आबांवरचे लेख.

मी विचारलं, “लेख किती आलेत?”

“मॅडम, लेख आले असते तर तुमच्याकडे कशाला आलो असतो? ऑगस्टपासून ग्रुपवर आठवण करतोय. सगळे अंगठा टाकतात आणि गप्प बसतात.”

तर सगळे लेख मीच लिहायचे आणि खाली नावं त्यांची. बावीस माणसं, बावीस आवाज. मला हसूच आलं. हे जमलं तर आमच्या दहिवलीपासून खोपोलीपर्यंत माझं नाव होईल. (म्हणजे होणार नाही, कारण नाव कुठेच नसणार. पण कळेल लोकांना.) नाही जमलं तर पतपेढीच्या सेक्रेटरींनी माझी खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही, हे ते भेटतील तिथे सांगतातच.

१३ नोव्हेंबर

मोबाइलवर ‘घरबसल्या लेखक व्हा’ नावाचा कोर्स बघते. कानाला हेडफोन लावलेला एक माणूस रोज एक कानमंत्र देतो. आज म्हणाला, गिऱ्हाइकाशी बोलण्यात वेळ घालवू नका, सगळं मेसेजवर मागवा. त्याने आमच्याकडची माणसं पाहिलेली नाहीत. इथे मेसेज केला तर ‘ओके’ येतं. फोन केला तर तासभर आयुष्य ऐकायला मिळतं.

माझे नियम मी ठेचा खाऊनच केलेत. दुरुस्त्या घरातल्या एकाच माणसाने सांगायच्या, हा सरपंचांच्या भाषणाने शिकवला. त्यांची बायको, पुतण्या आणि ग्रामसेवक तिघांनी तीन बाजूंनी ओढून त्या भाषणाचं धिरडं केलं होतं. ओळखीतलं काम असलं तरी काय द्यायचं, कधी द्यायचं हे आधी लिहून घ्यायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्याच्या नावाने लिहायचं त्याच्याशी स्वतः बोलायचं. मी तीनच गोष्टी विचारते. आबांचं एक बोलणं सांगा, एक खोड सांगा, एक दिवस सांगा. चौथी आपोआप येते आणि तीच कामाची असते.

आबांचे जुने सहकारी गजाभाऊ म्हणाले, “खांबावर चढला की त्याला गप्पा सुचायच्या. खालून आमी मान वर करून हो हो म्हणायचो. उतरला की मुका.” झाला लेख.

२१ नोव्हेंबर

आज कडावला जाऊन गोदाआत्यांना भेटले. आबांच्या धाकट्या बहीण. फोनवर त्या फक्त “बरी हाय” म्हणत होत्या, म्हणून टमटम धरली. ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मलाही सूप दिलं पुढ्यात. शेंगा सोलता सोलता माणसं जास्त बोलतात, हे हेडफोनवाल्याला कळवायला हवं.

त्यांच्याकडून कळलं की आबांना एक भाऊही आहे, गोमा. कळंबजवळ मूळ गावात राहतो, शेती करतो. आबा कर्जतला वसतिगृहात शिकायला होते तेव्हा गोमाची शाळा सोडवली. घरी म्हशी होत्या, भात होतं, कुणीतरी हवंच होतं. महिन्याला तो डोक्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन गावाहून कर्जतपर्यंत चालत यायचा. वसतिगृहाला द्यायचा तांदूळ.

“आता दोघं बोलत नाय,” आत्या म्हणाल्या. “दहाएक वर्सं झाली आसतील. कशावरनं ते इचारू नको. मला सांगत नाय दोघं बी.”

२५ नोव्हेंबर

यादीत गोमाकाकांचं नाव नव्हतंच. आज रत्नदीप सरांनी ते घातलं.

“सख्ख्या भावाचा लेख नसला तर लोक विचारणार. काकांच्या नावाने पण एक लिहा. पण त्यांना फोन करू नका.”

“मग त्यांना माहीत नसताना?”

“ते कुठे वाचणारेत, मॅडम? कार्यक्रमालाही येणार नाहीत. आणि चांगलंच लिहायचंय ना, वाईट थोडंच?”

भांडण कशाचं, विचारलं तर म्हणाले, जमिनीचं काहीतरी असेल, आम्हाला कुणी सांगितलं नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणजे चंद्राबाई, आमच्या घरातलं उच्च न्यायालय. भाकरी थापता थापता म्हणाली, “जिता हाय ना त्यो?”

“आहे.”

“मग त्याला इचार की.”

गिऱ्हाइकाने नको म्हटलंय, असं मी म्हणाले. आईने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे बघितलंच नाही. तिला या धंद्यातल्या अडचणी कळत नाहीत.

२८ नोव्हेंबर

गोमाकाकांचा लेख झाला. खोटं कशाला बोलू, तेवीसांत हाच सगळ्यात चांगला झालाय. गोदाआत्यांनी सांगितलेलं गाठोडं घेतलं, वाट घेतली आणि शेवटी लिहिलं, ‘दादासाठी तांदूळ वाहताना मला कधी ओझं वाटलं नाही. ते ओझं नव्हतंच, ती आमच्या घराची शिदोरी होती.’ लिहून झाल्यावर मलाच भरून आलं. न भेटलेल्या माणसाचं मन असं हाती लागतं, हे मला या कामातलं फार आवडतं. कुठे शिवण दिसत नाही.

नियम मोडला आहे, ते डाचतंय थोडं. पण एकदाच.

६ डिसेंबर

काम केलं नाही. सकाळी आई आणि मी विहारात जाऊन आलो.

१४ डिसेंबर

दुपारी रत्नदीप सरांचा फोन. आवाज एकदम फुललेला. छापखान्यातून आलेली कच्ची प्रत आबांनी मागून घेतली, तारखा तपासायला म्हणून. काल दिवसभर वाचत बसले. गोमाकाकांच्या लेखाशी आले आणि तोंडावर टॉवेल घेऊन बसून राहिले. आज सकाळी कुणालाही न विचारता पेढ्यांचा बॉक्स घेतला, रिक्षा ठरवली आणि गेले कळंबला. भावाकडे!

“मॅडम, तुम्ही जादू केलीत,” सर म्हणाले.

आबा तिथे जाऊन म्हणणार, लेख वाचला. आणि गोमाकाका म्हणणार, कुठला लेख?

संध्याकाळी पुन्हा फोन आला. काका घरी नव्हते, शेतावर वालाला पाणी द्यायला गेले होते. आबा वाट बघून परतले, पण पेढे आणि लेखाची पानं काकूंकडे ठेवून आले. खुशीत आहेत. म्हणतायत, कार्यक्रमाला गोमा येणार, त्याची खुर्ची माझ्या शेजारी मांडा.

मला जेवण गेलं नाही. दहा वर्षांनी एक म्हातारा भावाच्या दारात गेला, तो माझ्या वाक्यांवर विसंबून. वाक्यं खोटी निघाली तर तो पुन्हा जाणार नाही.

१६ डिसेंबर

सकाळी दारात एक उंच, वाळका माणूस. पांढरी टोपी, हातात पिशवी.

“मेघा तूच का? मी गोमा. गोदीनं पत्ता दिला.”

आईने त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून पानं काढून माझ्यापुढे ठेवली.

“ह्ये तू लिवलंस?”

“हो काका. चुकलं माझं. तुम्हाला विचारायला हवं होतं.”

ते रागावलेले नव्हते, हेच वाईट. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “‘ओझं वाटलं नाही.’ ह्ये तुला कुनी सांगितलं?”

मी ती ओळ पुन्हा वाचली.

“लय वाटायचं गं. बारा वर्साचा होतो मी. मान आखडायची. वाटंत उतरवून ठेवलं तर परत डोक्यावर चढवाया कुनी नसायचं, म्हनून उतरवायचोच नाय.”

आईने चहा आणून ठेवला. त्यांनी तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग मी विचारलं नसताना सांगितलं. गावात नवं विहार बांधलं तेव्हा उद्घाटनाला दादा पाहुणा होता. त्याने भाषण केलं. ‘मी कसा शिकलो’ ते सांगितलं. मास्तरांचं नाव घेतलं, वसतिगृहाच्या बाईंचं घेतलं, बाबासाहेबांचं घेतलं.

“मी म्होरंच बसलो होतो, सतरंजीवर. म्हनलं आता घेईल, आता घेईल. टाळ्या झाल्या.”

एवढंच होतं. जमिनीचं काही नव्हतं.

“आन् आता तू माज्याच तोंडून म्हनतेस, ओझं नव्हतं. म्हंजे त्यानं माजं नाव घ्यायची गरजच नव्हती. मग मी येवढी वर्सं रुसलो कशापायी? येडा म्हनून?”

मी पानं उचलून घडी केली.

“माजं नाव काढ त्यातनं,” ते म्हणाले. “आन् दादाला सांग, गोमाचं नव्हं ते. तू नाय सांगितलंस तर मी सांगीन.”

आबांना त्या पानांनी किती आनंद झालाय, ते मी सांगायला लागले. आई मध्येच म्हणाली, “भाऊ, तिचं खोटं काढून टाका. पन मग खरं काय त्ये तुमी सांगा. ती लिवील.”

गोमाकाकांनी चहाची बशी बाजूला सारली. चहावर साय धरली होती. मग म्हणाले, “लिव.”

१७ डिसेंबर

काल त्यांनी सांगितलं ते पानभरच होतं. पण त्यात ‘मग’ किती! सुरुवात नाही, शेवट नाही. मी ते जरा बसवलं, दोन वाक्यं मागेपुढे केली आणि फोनवर वाचून दाखवलं.

गोमाकाकांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग, “पोरी, ह्ये परत तुजंच झालं.”

पुन्हा बसले आणि काल कागदावर उतरवलं होतं तसंच्या तसं टाइप केलं, सगळ्या ‘मग’सकट. हात शिवशिवत होते. लेख म्हणून कच्चा आहे, हे माझं मत आजही कायम आहे.

१८ डिसेंबर

रत्नदीप सरांना नवा लेख पाठवला. पाच मिनिटांत फोन. “मॅडम, हे काय? ‘दादा माझं नाव विसरला’? हा गौरव अंक आहे, तक्रारपेटी नाही.”

मी सगळं सांगितलं. काका विहाराच्या भाषणावरून रुसलेत हे त्यांनाही नवीन होतं. पण मग म्हणाले, “आबा आता कुठे हसायला लागलेत. कार्यक्रम होईपर्यंत पहिलाच लेख राहू दे. नंतर बघू. आमच्या युनियनच्या स्मरणिकेचं कामही तुम्हालाच द्यायचं मनात होतं माझ्या.”

होतं. भूतकाळ मी बरोबर ऐकला.

हेडफोनवाला म्हणतो, अंतिम शब्द गिऱ्हाइकाचा. मीच पहिल्या दिवशी लिहून घेतलंय की दुरुस्त्या सरांच्याच ऐकायच्या. त्या नियमाने बघितलं तर पहिलाच लेख छापायचा, आणि मी सुटले. पण त्या लेखाखाली ज्याचं नाव आहे तो माणूस माझ्या घरी बसून नाही म्हणून गेला. आणि हा लेख खोटा आहे, हे आबांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. मला भीती वाटते आहे. स्मरणिकेचीही वाटते आहे, ते कशाला लपवू.

२० डिसेंबर

खोपोलीला गेले. सर कामावर होते. आबा अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसले होते. जय भीम केला. त्यांनी आपल्या शेजारी बसवलं, सुनेला पोहे करायला सांगितले. मी पोहे यायच्या आधीच सांगून टाकलं, नाहीतर खाऊन झाल्यावर तोंड उघडलं नसतं.

“आबा, गोमाकाकांच्या नावाचा तो लेख माझा होता. त्यांनी लिहिला नव्हता. त्यांनी सांगितलेला हा आहे.”

त्यांनी चष्मा लावला. पानभरच मजकूर, पण त्यांना वेळ लागला. एका ठिकाणी थांबले, मागे गेले, पुन्हा वाचलं. पोहे आले आणि निवले.

“पहिला चांगला होता,” ते शेवटी म्हणाले.

“हो.”

“मला वाटलं, त्याच्या मनातून गेलं.” कागदाची घडी घालत म्हणाले, “मला ठाऊक होतं, मेघा. भाषण करून खाली उतरलो तेव्हाच आठवलं. तेव्हा परत माइकपाशी गेलो असतो तर झालं असतं. लाज वाटली. मग दुसऱ्या दिवशी जास्त वाटली.”

छापायचं का, असं मी विचारलं. त्यांनी घडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. “जा तू आता. रत्नदीप यायच्या आधी जा.”

येताना टमटममध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईंनी विचारलं तर उन्हाने डोळे दुखतायत म्हटलं.

२६ डिसेंबर

सरांचा फोन नाही. छापखान्याचा नाही. आज सेक्रेटरी बाजारात भेटले आणि खुर्चीबद्दल बोलले. मी “विचार करते” म्हटलं. आजवर “नाही” म्हणत होते.

२९ डिसेंबर

छापखान्यातून विचारणा आली, “मॅडम, शेवटच्या लेखात ‘मग’ फार वेळा आलंय, काढू का? कोंडीरामबाबा स्वतः येऊन बदलून गेले लेख.”

मी म्हटलं, हात लावू नका.

गोमाकाकांना कळवलं की छापतायत आणि कार्यक्रमाला या. ते म्हणाले, “बघतो.” आमच्याकडे ‘बघतो’ म्हणजे नाही.

४ जानेवारी, रविवार

हॉल भरलेला. आई नवं लुगडं नेसून आली होती. आबांच्या शेजारची खुर्ची रिकामी. रत्नदीप सर माझ्याशी कामापुरतं बोलले. सूत्रसंचालकाच्या हातात मी लिहून दिलेले कागद होते, कुणानंतर कोण आणि मध्ये काय म्हणायचं ते.

अंक वाटले गेले. मग लेखकांना दोन शब्द बोलायला वर बोलावलं. सगळ्यांनी अंक उघडून आपापला लेख वाचला. गजाभाऊ खांबावरच्या गप्पांशी आले आणि स्वतःच्याच लेखाला खो खो हसले, पहिल्यांदा ऐकल्यासारखे. माझ्या पुढे बसलेले एक निवृत्त हेडमास्तर शेजाऱ्याला म्हणाले, “अंक झकास आहे. सगळे लेख कसे मनातून उतरलेत. फक्त तो धाकट्या भावाचा कुणाकडून तरी लिहून घेतल्यासारखा वाटतो.” आईने माझ्या मांडीला चिमटा काढला.

शेवटी आबा उठले. त्यांचं आभाराचं भाषण मी लिहून दिलं होतं. त्यांनी ते खिशातून काढलंच नाही. अंक उघडला, चष्मा लावला आणि म्हणाले, “माझ्या भावाचा लेख वाचतो.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. गाठोडं, वाट, मान. “‘मग दादा मोठा झाला. मग गावात विहार झालं. मग दादानं भाषन केलं. समद्यांची नावं घेतली. माजं...’”

आणि थांबले. रत्नदीप सर पुढे व्हायला लागले.

मागून, दारापाशी जिथे चपला काढल्या होत्या तिथून आवाज आला, “वाच म्होरं.”

सगळ्यांच्या माना वळल्या. गोमाकाका उभे होते. पांढरी टोपी हातात. कधी आले, कुणालाच कळलं नव्हतं.

आबांनी वाचायचा प्रयत्न केला. ओठ हलले, पण माइकमधून काहीच आलं नाही.

मग गोमाकाकाच बोलले. अंक त्यांच्या हातात नव्हता. तिथूनच, शेतावरून हाक मारतात तशा आवाजात. “माजं घेतलं नाय. मग मी रुसलो. पन वसतिगृहाच्या दारात दादा उभा आसायचा. मला लांबनं बघून पळत यायचा. मग माज्या डोक्यावरचं गाठोडं सोताच्या डोक्यावर घ्यायचा. मग मला आदी जेवाया बसवायचा, मग तांदूळ आत जमा करायचा. तवा मान कशी हलकी व्हायची, ते मी इसरलो नाय. येवडंच.”

टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणाला कळेना.

आबांनी चष्मा काढला. माइक चालूच होता. “जेवलास का रं?”

“नाय अजून.”

आबा व्यासपीठावरून उतरले. हार गळ्यात तसाच. खुर्च्यांच्या मधून चालत दारापर्यंत गेले, भावाचा दंड धरला आणि दोघे जेवणाच्या मंडपाकडे निघून गेले. अजून प्रमुख पाहुणे बोलायचे होते, केक कापायचा होता. सूत्रसंचालक हातातले कागद उलटेसुलटे करून माझ्याकडे बघत राहिला. आता काय म्हणायचं, ते मी त्याला लिहून दिलेलं नव्हतं.